एकच नवल, बाकी सगळं घरातलं: झोपताना सांगायची गोष्ट कशी रचावी

रात्री दिवा बारीक होतो, मूल कुशीत शिरून म्हणतं ‘गोष्ट सांग’, आणि नेमकं तेव्हाच डोकं रिकामं होतं. मग एकतर मोबाईल उघडला जातो, नाहीतर सुचेल ते सगळं एकाच गोष्टीत कोंबलं जातं: उडणारा हत्ती, चॉकलेटची नदी, बोलणारं झाड, वर जादूची छडी. मूल दोन मिनिटं ऐकतं आणि चादरीच्या टोकाशी खेळायला लागतं. आईबाबांना वाटतं, आपल्याला गोष्टी सांगताच येत नाहीत.

खरं कारण वेगळं आहे. जिथे काहीही होऊ शकतं, तिथे ‘आता काय होईल?’ हा प्रश्नच उरत नाही. नदी चॉकलेटची असेल, हत्ती उडत असेल आणि छडी फिरवली की संकट टळत असेल, तर मुलाला विचार करायला काय राहिलं? म्हणून नवल एकच ठेवायचं आणि बाकी सगळं अगदी नेमकं, रोजच्या घरातलं ठेवायचं. भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट आठवा. प्राणी बोलतात हे मुलं गृहीतच धरतात. त्यापलीकडे नवल एवढंच की भोपळा ‘टुणूक टुणूक’ म्हटलं की चालतो. म्हातारीची वाळकी कुडी, लेकीकडची तूप-रोटी, वाटेतलं रान, भूक लागलेला वाघ हे सगळं ओळखीचं आहे. म्हणूनच तो एक भोपळा इतका खरा वाटतो.

वस्तू आणि तिची अडचण

गोष्ट शोधायला परीच्या राज्यात जायची गरज नाही. त्या दिवशी मुलाच्या हाताला लागलेली एखादी वस्तू घ्या: लाटणं, दाराची कडी, बाबांची डाव्या पायाची चप्पल, गच्चीवरची पाण्याची टाकी, शाळेच्या डब्याचं झाकण. तिला अशी एक अडचण द्या, जी तिच्या कामाच्या बरोबर आड येते. छत्रीला पावसाची भीती वाटते. पंख्याला थंडी वाजते. घड्याळाला सात हा आकडा आठवत नाही. उशीला रात्री झोपच लागत नाही.

वस्तूला पंख दिले, तिला उडता यायला लागलं, की गोष्ट तिथेच संपते. उडाली, फिरली, परत आली. पंख्याला थंडी वाजते म्हटलं की मात्र गोष्ट आपोआप पुढे सरकते, कारण उन्हाळा तर येणारच आहे आणि घरातल्यांना वारा तर हवाच आहे. वस्तूला शक्ती देण्याऐवजी अडचण द्यायची ती यासाठी. संध्याकाळी भाजी निवडताना, भांडी आवरताना पाच मिनिटं मनात घोळवलं तरी वस्तू, अडचण आणि शेवट एवढं ठरतं. मधलं सांगता सांगता सुचतं. शेवट मात्र आधीच ठरलेला हवा, नाहीतर गोष्ट लांबत जाते आणि झोप उडते.

मराठीनं दिलेली सोय

आपल्या भाषेत प्रत्येक वस्तूला लिंग आहे, ही गोष्ट सांगणाऱ्याची फार मोठी सोय आहे. वस्तू बोलायला लागली की तिचा स्वभाव निम्मा तयार असतो. झारा ‘मी आलो’ म्हणतो, पळी ‘मी आले’ म्हणते आणि लाटणं म्हणतं, ‘मी आलं!’ हे ‘मी आलं, मी दमलं, मी पडलं’ ऐकून मुलं खुदकन हसतात, कारण असं ‘मी’ कुणी माणूस बोलत नाही. नपुंसकलिंगी वस्तू गोष्टीत आपसूक लहान होते, पिल्लासारखी, म्हणून नायक करायला ती उत्तम: लाटणं, कुलूप, टोपण, ताट, भांडं.

दुसरी सोय नात्यांची. चिऊताई, चांदोमामा, वाघोबा यांच्याच ओळीत कढईमावशी, पंखेकाका, रवीआजी सहज बसतात. नातं लावलं की ती व्यक्ती रागावेल की लाड करेल हे वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरी सोय नादाच्या शब्दांची. टुणूक, धप्पकन, ढुम ढुम, खडखड हे शब्द जागं करणारे आहेत. सळसळ, रिपरिप, मिणमिण, लुकलुक हे निजवणारे. पहिल्या प्रकारचे शब्द गोष्टीच्या सुरुवातीला वापरायचे, दुसऱ्या प्रकारचे शेवटाकडे. शेवटच्या दोन मिनिटांत ‘धडाम’ म्हटलंत, तर मूल उठून बसेल आणि ‘परत धडाम कर’ म्हणेल. मग पंधरा मिनिटं गेलीच समजा.

एक गोष्ट, पूर्ण

हाडं कशी जुळतात हे दिसावं म्हणून साधारण तीन मिनिटांची एक गोष्ट इथे देतो.

एक होतं लाटणं. त्याला एकच त्रास होता. दोनदा पुढेमागे गेलं की त्याला घेरी यायची. ‘गरगर गरगर, मला धरा!’ असं म्हणत ते बाजूला कलंडायचं. त्यामुळे त्या घरात एकही पोळी गोल व्हायची नाही. सोमवारी पोळी झाली चपलेसारखी. मंगळवारी झाली छत्रीसारखी. बुधवारी तर पोळीला शेपूट आलं, आणि डब्याचं झाकणच लागेना.

लाटणं गेलं पोळपाटदादाकडे. पोळपाटदादा म्हणाला, ‘माझ्याकडे बघ. मी तीन पायांवर उभा असतो, मला कधी घेरी येत नाही. तूही उभं राहा.’ लाटणं उभं राहिलं. डोललं, डोललं... ‘गरगर गरगर, मला धरा!’ आणि धप्पकन पिठाच्या डब्यात. बाहेर आलं ते पांढरंशुभ्र.

मग ते गेलं कढईमावशीकडे. कढईमावशी म्हणाली, ‘डोळे मिटून घे म्हणजे काही दिसणार नाही आणि गरगरणार नाही.’ लाटण्यानं डोळे मिटले आणि लाटत सुटलं. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, खिडकीला आपटलं आणि थांबलं. पोळी झाली ओट्याएवढी लांब. ‘गरगर गरगर, मला धरा!’

शेवटी ते गेलं ताकाच्या रवीआजीकडे. रवीआजी खिळ्याला टांगलेली होती. ती हळूच म्हणाली, ‘बाळा, मी जन्मभर गरगर फिरतेय. इकडून तिकडे, तिकडून इकडे. फिरायचं, पण नजर एकाच जागी ठेवायची. मी समोरच्या मिठाच्या बरणीकडे बघत असते.’

दुसऱ्या दिवशी लाटण्यानं मिठाच्या बरणीकडे नजर लावली. पुढे गेलं, मागे आलं. पुढे गेलं, मागे आलं. गरगर... गरगर... पण पडलं नाही. पोळी झाली गोल. तव्यावर गेली आणि हळूहळू फुगली, पौर्णिमेच्या चांदोबासारखी. डब्याचं झाकण अलगद बसलं.

रात्र झाली. ओटा पुसला गेला. दिवा गेला. कढईमावशी पालथी झोपली. पोळपाटदादा भिंतीला टेकून झोपला. रवीआजी खिळ्यावर जराशी झुलली आणि थांबली. नळातून एक थेंब पडला. टप. मग बऱ्याच वेळानं आणखी एक. टप. लाटणं पोळपाटदादाला टेकलं, मिठाच्या बरणीकडे एकदा बघितलं आणि पुटपुटलं, ‘मी झोपलं.’

रवीआजीचा सल्ला नुसता गमतीचा नाही. कथकमध्ये चक्कर घेताना नजर समोर एका जागी रोखून ठेवतात, त्यानं घेरी आवरते. गोष्टीतली सुटका अशी खऱ्या जगातली असली की मूल दुसऱ्या दिवशी स्वतः गरगर फिरून ती तपासून बघतं. जादूच्या छडीनं सुटका केली तर तपासायला काही उरत नाही.

आता रचना बघा. अडचण पहिल्या चार वाक्यांत आली. प्रयत्न तीन झाले, दोन फसले आणि तिसरा जमला. एकच प्रयत्न ठेवला तर गोष्ट पटकन संपते, पाच ठेवले तर मधे कंटाळा येतो. चिऊताई ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते’ म्हणत कावळ्याला पुन्हा पुन्हा दाराबाहेर थांबवते, तेही असंच. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात तेच पालुपद आलं: ‘गरगर गरगर, मला धरा!’ तिसऱ्या वेळेपर्यंत ते मूलच म्हणतं. पालुपद चार-पाच शब्दांचं असावं आणि त्याला हाताची एखादी कृती जोडलेली असावी. इथे मूल तुमचा दंड घट्ट धरेल. शेवटच्या वेळी तेच शब्द कुजबुजत, ओढत म्हणा. मूलही आवाज खाली आणतं. ‘हळू बोल’ असं सांगावं लागत नाही.

उतार

दिवसा सांगायची गोष्ट आणि झोपताना सांगायची गोष्ट यांत फरक पडतो तो शेवटच्या एक तृतीयांशात. दहा मिनिटांची गोष्ट असेल तर सातव्या मिनिटाला अडचण सुटलेली हवी. उरलेली तीन मिनिटं नुसता उतार. इथून पुढे नवं पात्र आणायचं नाही, प्रश्न विचारायचा नाही, हसवायचं नाही. वाक्यं साधी, आवाज अर्धा, दोन वाक्यांमध्ये एक श्वास. गोष्टीतली एकेक वस्तू नाव घेऊन झोपवायची. ज्यांची नावं गोष्टीत आली, तेवढ्यांनाच झोपवा, म्हणजे मूल मनात यादी तपासत राहतं आणि कुणी जागं राहिलं नाही याची त्याला खात्री पटते.

उताराच्या वेळी दिवा आधीच मंद केलेला असावा. गोष्ट संपल्यावर उठून दिवा घालवायला गेलात, की केलेलं सगळं वाया जातं. पाणी, शू, दात घासणं हेही गोष्टीच्या आधी उरकून घ्या.

गोष्टीला ठरलेलं दार असावं, आत यायचं आणि बाहेर जायचं. आपल्या व्रतकथा ‘आटपाट नगर होतं’ म्हणून सुरू होतात आणि ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हणून मिटतात. या शेवटच्या ओळीचा अर्थ मुलाला कळायची गरज नाही. तिची लय कळते, आणि आता काही उरलं नाही हे कळतं. हीच ओळ वापरा किंवा घरची एखादी करा, पण रोज तीच ठेवा. ‘आणखी एक, आणखी एक’ हा हट्ट बहुतेक वेळा शेवट धूसर राहिल्यामुळे होतो.

मुलाला आत कधी घ्यायचं

प्रश्न पहिल्या दोन तृतीयांशातच विचारायचे आणि एका गोष्टीत तीनपेक्षा जास्त नाहीत. ‘लाटण्याला काय व्हायचं?’ ही परीक्षा झाली. त्याला उत्तर एकच असतं आणि ते चुकण्याची भीती असते. ‘बुधवारी पोळीला शेपूट आलं, गुरुवारी काय आलं असेल?’ हा खरा प्रश्न. विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. आपल्याला ती शांतता लांबलचक वाटते, मुलाला मात्र तेवढा वेळ लागतोच. घाईनं आपणच उत्तर दिलं, तर चार दिवसांत मूल उत्तर द्यायचं सोडून देतं.

जे उत्तर येईल ते गोष्टीत घ्यायचं. ‘शिंगं आली’ म्हटलं तर शिंगं. मग लगेच पुढचं नेमकं काहीतरी जोडा: ‘दोन शिंगं. त्यांना भाजी अडकली.’ ‘छे, पोळीला शिंगं कशी येतील?’ एवढं एक वाक्य मुलाला पुढचे आठ दिवस गप्प करायला पुरतं. मूल नियम मोडणारं काही आणेल, जसं ‘मग डायनॉसॉर आला आणि त्यानं सगळ्यांना खाल्लं’. तेव्हा नाकारू नका, त्यालाही अडचण द्या. डायनॉसॉर आला, पण दारात अडकला, कारण चप्पल काढायला त्याचा हात पुरेना. गोष्ट आपल्या हातात राहते आणि मुलाचा डायनॉसॉरही राहतो. शी-शूचे विनोद चार-पाच वर्षांच्या वयात येणारच. पहिल्या भागात एकदा हसून घ्या आणि पुढे चला.

बिघडतं कुठे

सगळ्यात जास्त गोष्टी तात्पर्यानं बिघडतात. ‘म्हणून आपणही नेहमी मोठ्यांचं ऐकावं’ हे शेवटी जोडलं, की आतापर्यंतचं सगळं त्यासाठीच होतं हे मुलाला कळतं, आणि उद्यापासून ते गोष्टीत उपदेश शोधत बसतं. त्याहून वाईट म्हणजे मुलाची त्या दिवशीची चूक गोष्टीत आणणं. ‘एक मुलगा होता, तो दूध पीत नसे’ हे पहिलं वाक्य ऐकताच मूल स्वतःला ओळखतं आणि पाठ फिरवतं. दुधाचं दुपारी बोला. रात्रीची गोष्ट त्यात ओढू नका.

भीतीबद्दल काळजीनं वागायला हवं. तीन ते सहा या वयात मुलं खूप काही कल्पू शकतात, पण कल्पनेतलं आणि खरं यांतली रेघ त्यांच्या मनात अजून पुसट असते, आणि अंधारात ती आणखी पुसट होते. म्हणून ‘झोप नाहीतर बागुलबुवा येईल’ हे कधीच नको. गोष्टीत राक्षस यायला हरकत नाही, पण त्याच रात्री त्याचा निकाल लागला पाहिजे. त्याला एखादी छोटी गरज द्यावी: घसा कोरडा पडलाय, एक चप्पल सापडत नाहीये, अंगाई येत नाहीये. गरज भागली की तो घरी जाऊन झोपतो. ‘पुढचं उद्या’ म्हणून राक्षसाला अर्ध्यावर सोडलंत, तर तो रात्रभर पलंगाखाली राहतो. आई हरवली, घर जळालं असे धागे पाच वर्षांखालच्या मुलाला रात्री सांगू नका.

मधेच सुचेनासं झालं तर थांबून ‘अं... मग...’ करू नका. पालुपद म्हणा, मूल म्हणेल, तेवढ्यात दहा सेकंद मिळतात. तेही पुरलं नाही तर कुणीतरी दार वाजवतं: ‘तेवढ्यात टकटक! कोण आलं असेल?’ उत्तर मुलाकडून येईल.

मूल तीच गोष्ट सलग वीस दिवस मागेल. बदलू नका, कंटाळू नका. पुढे काय होणार हे माहीत असणं हाच त्याचा आनंद आहे, आणि झोपेसाठी तर ते फारच चांगलं. शेपूट मंगळवारी आलं की बुधवारी, यावरून ते तुम्हाला पकडेल. म्हणून उशाशी एक छोटी वही ठेवा आणि प्रत्येक गोष्टीच्या तीनच ओळी लिहा: नायकाचं नाव व अडचण, पालुपद, सुटका. मुलानं घातलेली भर वेगळ्या रंगात लिहा. हळूहळू पंधरा-वीस गोष्टींचा साठा होतो आणि आजी-आजोबांकडे राहायला गेल्यावरही तीच गोष्ट तशीच मिळते.

वेळ, वय आणि दोन मुलं

दोन-तीन वर्षांच्या मुलाला चार-पाच मिनिटं पुरतात. प्रयत्न दोनच ठेवा आणि पालुपद जास्त वेळा आणा. चार ते सहा वर्षांना आठ ते दहा मिनिटं. सात-आठ वर्षांची मुलं पंधरा मिनिटं ऐकतात आणि रोज एक भाग अशी मालिकाही त्यांना आवडते. फक्त प्रत्येक रात्री त्या दिवसापुरती अडचण सुटली पाहिजे. सावकाश सांगताना मिनिटाला साधारण ऐंशी ते शंभर शब्द होतात. त्याहून वेग वाढला तर आपण थकलोय असं समजा आणि गोष्ट लहान करा.

झोपेचा हिशोब मागून करा. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी, अशी झोपतज्ज्ञांची शिफारस आहे. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय निघाला, त्यामागेही मुलांची अपुरी झोप हेच कारण होतं. सहा वर्षांचं मूल सातला उठणार असेल आणि त्याला दहा तास हवे असतील, तर नऊला डोळे मिटले पाहिजेत, म्हणजे गोष्ट साडेआठलाच सुरू व्हायला हवी.

दोन मुलं असतील तर गोष्ट धाकट्याच्या मापाची ठेवा आणि थोरल्याला काम द्या: वस्तूंचे आवाज त्यानं काढायचे, किंवा शेवटी कोण कोण झोपलं याची यादी त्यानं सांगायची. परदेशात वाढणारी मुलं बऱ्याचदा गोष्ट मराठीत ऐकतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. तिथे अडवू नका. त्यांचंच उत्तर मराठीत करून गोष्टीत घ्या आणि पालुपद मात्र मराठीतच ठेवा. आजी फोनवरून गोष्ट सांगणार असेल तर चित्र बंद ठेवा, नुसता आवाज येऊ द्या. पडदा चालू असला की मूल आजीपेक्षा पडद्याकडेच बघत राहतं.

गोष्ट संपायच्या आधीच मूल झोपलं तर एकदम गप्प होऊ नका. आवाज तुटला की ते डोळे उघडतं. आणखी चार-पाच वाक्यं त्याच लयीत, हळूहळू पुसट करत न्या. दुसऱ्या रात्री आपल्या आठवणीप्रमाणे सुरुवात करायच्या आधी ‘लाटणं कुठपर्यंत आलं होतं?’ असं विचारा, आणि ते सांगेल तिथून पुढे चला, मग तो भाग काल तुम्ही सांगितलेला असो वा नसो.